डाव्या पायाचा फिन

कासवकाका सत्तावीस वर्षं जहाजांची बुडं खरवडत आले होते. हवेची टाकी पाठीला बांधून, पायांत फिन, म्हणजे माशाच्या परांसारखी रबरी पाती, चढवून गोदीत उतरायचं, जहाजाखाली जायचं, पत्र्याला चिकटलेले शिंपले काढायचे. ते हळू पोहत, पण थांबत नसत. म्हणून हे नाव. पाण्याच्या दाबाने दोन्ही कान केव्हाच गेले होते. जमिनीवर लोक त्यांच्याशी ओरडून बोलत, नाहीतर बोलतच नसत. पाण्याखाली मात्र सगळेच खुणांनी बोलत. तिथे ते कुणाहून कमी नव्हते.

दरवर्षी परीक्षा असे. गोदीच्या भिंतीपासून तरंगत्या पिवळ्या बोयापर्यंत जाऊन परत, अकरा मिनिटांत. नापास झाला तो कायमचा वर, जमिनीवर. गेल्या वर्षी काका चार सेकंद राखून आले होते. यंदा गुडघा साधा जिना चढतानाही कुरकुरत होता.

"बाबा, ते जुने फिन फेका आधी," लेक म्हणाली. हौशी लोकांना पाण्याखाली फिरवून आणणाऱ्या एका दुकानात ती कामाला होती. वडिलांशी नेहमी समोर येऊन, ओठ दिसतील असं बोलायची. "फिन आहेत की फळ्या? सगळा जोर गुडघ्यावर येतो."

"मऊ फिन म्हणजे सुट्टीवाल्यांचे चोचले."

"बरं. मग कासवाने फोडून घ्यावा गुडघा."

काका मुकाट तिच्यामागे दुकानात गेले.

तिने त्यांना बाकावर बसवलं. एकेक पातं हाताने वाकवून पाहिलं. पहिला जोड बाजूला टाकला. "फार लेचापेचा. पाठीवर टाकी असली की हा पाणी ढकलणारच नाही." दुसरा त्यांच्या पायात चढवला. टाचेचा पट्टा ओढला, पाऊल आत हलतंय का ते चाचपलं. तिच्या शाळेचे बूट घेताना काका असंच करत.

"चिमटतंय?"

"छे. मस्त बसलाय."

फिनच्या आत घालायला तिने दुकानातलेच पातळ रबरी मोजे दिले होते. तिथे येणारे सगळे कोमट पाण्यात उतरत. गोदीचं गार पाणी दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सत्तावीस वर्षं जाड मोजे घालणाऱ्या काकांच्याही नाही.

परीक्षेच्या सकाळी जाड मोज्यातला पाय नव्या फिनमध्ये अर्ध्यावर अडला. मोजे काढावेत, तर या पाण्यात पायाचं पाच मिनिटांत लाकूड होणार. जुना जोड घरी माळ्यावर. काकांनी दातओठ खाऊन पाय रेटला. उजवा बसला. डावाही बसला, पण बोटं एकमेकांवर चढली.

परीक्षक म्हणून घड्याळ धरून त्यांचाच चेला उभा होता. त्याला पहिली बुडी काकांनी शिकवली होती.

बोयापर्यंत फिन सुरेख चालले. गुडघा गप्प होता. आपण पोचणार, असं काकांना वाटलं. परतताना डावं पाऊल बधिर झालं आणि पोटरीत गोळा आला. काकांनी पात्याचं टोक धरून पाय ताणला. गोळा सुटला. वीस हातांवर पुन्हा आला. पुन्हा ताणला. तिसऱ्यांदा ते तोंडातल्या हवेच्या नळीच्या रबरावर दात रोवून आतल्या आत ओरडले.

भिंतीला हात लागला तेव्हा अकरा मिनिटं एकोणीस सेकंद झाली होती.

"अकरा लिही रे," काका म्हणाले. "एवढं एकदा लिही. पाया पडतो तुझ्या."

आपला आवाज किती मोठा निघतोय ते त्यांना कळत नव्हतं. अख्खी गोदी ऐकत होती.

चेल्याने मान खाली घातली. त्याचे ओठ दिसेनात. मग त्याने मूठ वळून अंगठा वर केला. पाण्याखाली ही खूण एकाच गोष्टीसाठी करतात. बुडी संपली, वर चला.

काका भिंतीवर बसले. डावा फिन निघेना. चेला गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हातांनी ओढू लागला. शेवटी फिन मोज्यासकट निघाला. बोटं निळी पडली होती.

लेक फाटकाशी थांबली होती. धावत समोर आली.

"कसे होते फिन?"

"लोण्यासारखे गं. गुडघ्यानेच दगा दिला."

ती त्यांच्या हाताकडे बघत होती. डाव्या फिनमध्ये जाड मोजा अजून अडकलेला होता. ती काहीतरी बोलली, खाली बघूनच.

"समोर बघून बोल," काका म्हणाले.

तिने मान वर केली नाही.