सातवा खड्डा

सिरिल पॉटिंजर आमच्या माळावर साठ वर्षं मेंढ्यांमागे हिंडला आणि तेवढ्या वर्षांत एकच मोठं खोटं बोलला. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. गावच्या शाळेत बत्तीस वर्षं पोरं वळवल्यावर या दोन्हींतला फरक मला कळतो.

आमची जमीन खडूची. वर वीतभर माती, खाली पांढरा दगड. कुदळ मारली की खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. म्हणून मेलेलं जनावर पुरायचं तर इथला माणूस आधी मऊ जागा हेरतो. गवत जिथे जास्त हिरवं, तिथे पहार टोचून बघायची. तिथेच माती खोल का, हे कुणी विचारलं नव्हतं. ते दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात कळलं. दोन महिने पाऊस नाही, माळ करपला, आणि वरच्या कुरणात फक्त हिरवे गोल ठिपके उरले. एका रांगेत नऊ. मग उत्खननवाले आले.

खड्डे रोमन काळातले निघाले. पुरुषभर खोल, आणि कचऱ्याचे नव्हेत. तळाशी अख्खी मडकी, बुडाला मुद्दाम भोक पाडलेली. एकात घोड्याची कवटी. बाकीच्यांत कुत्री, मान मोडून नीट कुशीवर निजवलेली. जमिनीखालच्या देवाला दिलेली, असं उत्खननाची प्रमुख फिलिपा म्हणाली. मी गावच्या सभागृहात हाडं धुवायला बसत असे. घमेलं, पाणी आणि जुना टूथब्रश.

सिरिल तेव्हा एकोणऐंशीचा. रोज काठी टेकत यायचा नि खड्ड्याच्या काठावर उभा राहायचा.

"किती झाले?"

"चार, आजोबा," खणणारी पोरं म्हणाली.

"सातवा राहू दे. तिथे पाणी लागेल."

"खडूच्या टेकडीवर पाणी? आजोबा, चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सातव्यात साप आहेत."

"उद्या वाघ निघेल," मी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, याची मला लाज वाटते.

सातव्या खड्ड्यातलं कुत्रं हातभर खालीच लागलं. कवटी माझ्या घमेल्यात आली. ब्रश फिरवला, तर तळाशी टिक् असं वाजलं. बघते तर शिशाचा छर्रा. मग आणखी तीन. रोमनांकडे बंदुका नव्हत्या, हे कळायला कॉलेज लागत नाही. पुढच्या डाव्या पायाचं हाड मोडून वाकडं जुळलेलं होतं. तो पाय मी ओळखला. सिरिलच्या थोरल्या भावाने, लेस्लीने, फळी बांधून जोडलेला. हे त्याचं कुत्रं, टिप. मी शिकवायला लागले तेव्हा शाळेच्या फाटकाशी लंगडत यायचं.

एकोणीसशे बासष्टच्या डिसेंबरात टिप हरवलं. लेस्ली ते शोधायला माळावर गेला, वाटेत बर्फाचं वादळ सुरू झालं. नवव्या दिवशी गोठलेला सापडला, कुत्र्याला बोलवायची शिट्टी दातांत. त्याची बायको ऑलिव्ह एकवीस वर्षांची, लग्नाला सात महिने. तेव्हापासून सिरिल तिचं सरपण फोडत आला आणि दर रविवारी तिच्याकडे जेवत आला. पंचावन्न वर्षं. त्याला दुसरं घर नव्हतं.

मी सिरिलला बोलावलं आणि कवटी पुढे ठेवली. तो टोपी काढून खाली बसला.

"बाई, त्याने गाभण मेंढी फाडली होती. मालक म्हणाला, कुत्रं जाईल, नाहीतर तुम्ही दोघं भाऊ जाल, कामावरून नि माझ्या घरातून. लेस्ली बाजाराला गेलेला."

"आणि त्याला सांगितलंस, पळून गेलं."

"दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होतो."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी तो शोधायला निघाला."

"तू कुठे होतास?"

"दारात. कंदील मीच भरून दिला."

सभागृहात चहाचं भांडं सूं सूं करत होतं. मी ते बंद केलं.

"बाई, फेकून द्या ना. अलीकडचं हाड आहे, त्या खणणाऱ्या पोरीला काय उपयोग? ऑलिव्हने मला उंबऱ्याबाहेर काढलं तर मी जाऊ कुठे?"

त्याचं म्हणणं खरं होतं. फिलिपाने 'अलीकडचं' लिहून टाकून दिलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. पण ऑलिव्ह अजून वादळ आलं की मागचं दार उघडून माळाकडे बघते, हे मी बघितलेलं होतं.

"रविवारी तू सांग. नाहीतर सोमवारी मी सांगेन."

लोक विचारतात, कशाला उकरलंस? उकरलं मी नाही.

रविवारी त्याने सांगितलं. पानात मटण वाढून झालं होतं. ऑलिव्हने एकच विचारलं, "कंदील देताना काय बोललास?"

"जपून जा, म्हणालो."

तिने त्याची थाळी उचलली, कोंबड्यांच्या बादलीत उपडी केली, धुऊन पुसून कपाटात ठेवली. म्हणाली, "जा आता."

ऑक्टोबरात फिलिपाने टिपची हाडं खोक्यात घालून ऑलिव्हला दिली. तिला ती लेस्लीजवळ हवी होती. कबरस्तानात कुत्रं चालत नाही, म्हणून कुंपणाच्या भिंतीबाहेर, त्याच्या डोक्याच्या बाजूला जागा ठरली. मी पहार टोचत फिरले.

"ऑलिव्ह, इथे मऊ लागतंय."

"मऊ नको. इथेच, दगडात."

दोन म्हाताऱ्या आम्ही, चार दिवस खणत होतो. हातांची सालटी निघाली. चौथ्या दिवशी सिरिल कुदळ घेऊन आला आणि रस्त्यापलीकडे थांबला. ऑलिव्हने मान वर केली नाही. मी त्याला हाक मारू शकत होते. नाही मारली. अंधार पडेपर्यंत तो उभा होता, मग कुदळ खांद्यावर टाकून गेला.

फेब्रुवारीत तो वारला. दफनाला मी आणि पाद्री, दोघंच होतो.