वाकळेवर ठेवलेला स्पीकर

अन्याय झाला माझ्या वहिनीवर. यंदा घट बसायच्या चार दिवस आधी, सकाळी साडेदहा वाजता, जळकोटातल्या आमच्या राहत्या घरात. करणारे तिघं: दादा, आई आणि गप्प बसलेली मी.

दादाच्या स्टिरिओला दोन लाकडी स्पीकर आहेत. एक भिंतीतल्या कोनाड्यात बसला, दुसऱ्याला जागा नव्हती. म्हणून दादानं तो एकावर एक ठेवलेल्या पत्र्याच्या पेट्यांवर चढवला. गाणं लागलं की पत्रा खडखडायचा, तर खाली घडी घातलेली वाकळ सरकवली. धूळ नको म्हणून वरून जुनी साडी टाकली. खालून बघणाऱ्याला नुसती पांघरुणांची चवड दिसायची, गाणं सगळं कोनाड्यातूनच येतंय असं वाटायचं.

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण बाहेर काढून धुवायचं, एकही राहता कामा नये. दादाला हे लहानपणापासून ठाऊक आहे.

त्या सकाळी आई अंगणातून ओरडली, "पेटीवरची वाकळ राहिली बघ! लाईट हाय, मोटारीचं पाणी हाय तवर आण."

वहिनीनं टाचा उंचावून वाकळ ओढली. स्पीकर तिच्या खांद्याला घासून जमिनीवर पालथा आपटला.

"डोळे कुठं होते तुझे?" दादा धावत आला.

"साडीखाली काय हाय ते कुणी सांगितलं व्हतं मला?"

"एवढा मोठा डबा दिसत न्हाय?"

"हिच्या हातात काय टिकतच न्हाय," आई म्हणाली.

दादानं स्पीकर पुसला. खांदा कुणी बघितला नाही. वर निकाल लावला, "आजपासून हिनं स्टिरिओला हात लावायचा न्हाय."

दुपारी भाकरी उरकल्यावर वहिनी अर्धा तास गाणी लावायची. त्या घरात तिच्या मर्जीनं चालणारं तेवढंच होतं. तेही गेलं.

मी गावोगाव पत्रकं वाटते. अन्यायाविरुद्ध बोला, असं त्यात मीच लिहिते. त्या दिवशी मात्र धुण्याची बादली उचलून बाहेर गेले. संध्याकाळी खांद्याला हळद लावताना वहिनी म्हणाली, "ताई, तुमची पत्रकं परगावलाच वाटायची असत्यात का?"

दुसऱ्या दिवशी मी स्पीकर मांडीवर घेऊन उमरग्याला गेले. दुरुस्तीवाल्या चाचांनी जाळी काढली. कागदी पडदा फाटला होता, मधली टोपी आत बसली होती.

"कशावर ठेवला होता?"

"वाकळेवर."

चाचा हसले. "घसरणारच की बेटा. दसऱ्याच्या तोंडावर असे लई येतात. आणणारा दरवेळी सांगतो, बायकोनं पाडला. तिथं ठेवला कुणी, ते कोण सांगत न्हाय."

नवा पडदा बसवून मी घरी आले. आधी वहिनीची माफी मागितली. मग धुतलेली वाकळ पेटीवर घातली, तिच्यावर स्पीकर, वर साडी. दादाला बोलावलं.

"वाकळ ओढ."

"येडी हाईस का? पडंल की!"

"तुला कसं ठाऊक?"

"मीच ठेवला व्हता न्हवं..." आणि तो थांबला. आई दारात उभी होती.

तिसऱ्या दिवशी त्यानं भिंतीला जाड फळी ठोकली, खाली रबराचे तुकडे लावले. काम चोख केलं. माफी मात्र मागितली नाही. "फळी केली की आता, अजून काय पायजे तुला?" म्हणतो. मला पाहिजे ते साधं आहे: वहिनीसमोर उभं राहून 'चूक माझी होती' म्हणायचं आणि तिच्यावरची बंदी उठवायची. तोवर स्पीकरच्या वायरी माझ्याकडं. घरात गाणं नाही, दादा चिडलाय, आई म्हणते पोरगी हट्टी झाली. झाले तर झाले. वायरी देणार नाही.

आता तुम्ही. हे वाचून पान उलटू नका. उठा आणि तुमच्या घरातला स्पीकर कशावर उभाय ते बघा. गादीवर, वाकळेवर, डुगडुगत्या स्टुलावर असेल तर आजच खाली घ्या. आणि यापूर्वी कधी तो पडला असेल, पाडल्याचा आळ घरातल्या बाईवर घातला असेल, तर तिथं तो ठेवणाऱ्यानं आज जेवायला बसण्याआधी सगळ्यांच्या देखत तिची माफी मागायची. ठेवणारे तुम्ही असाल, तर तुम्ही मागा.