नाव घेतल्यास दहा रुपये

बुधवार, दुपारचे पावणेतीन. रक्कम दहा रुपये. आयसीयूच्या चार नंबरच्या बेडशी हजर माणसं चार: तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट डॉक्टर निखिल कांबळे, पहिल्या वर्षाची रेसिडेंट तबस्सुम बागवान, ड्यूटीवरच्या सिस्टर आणि त्या आयसीयूचा प्रमुख या नात्याने मी. पाचवा बेडवर होता, पण बेशुद्ध असल्याने त्याला व्यवहारात धरलेलं नाही.

निखिलच्या हातात सोनोग्राफीचा प्रोब होता. "सर, न्युमोथोरॅक्स. डाव्या बाजूला. चेस्ट ट्यूब टाकतो."

"दहा रुपये," मी म्हणालो आणि व्हेंटिलेटरवरचा ऑक्सिजन शंभर टक्के केला.

त्याचं माझ्याबद्दलचं मत त्या क्षणी चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

हे दहा रुपये काय ते आधी सांगतो. हडपसरला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या हॉस्पिटलनं आयसीयूसाठी लहानसं सोनोग्राफी मशीन घेतलं. गर्भलिंग तपासणी होऊ नये म्हणून अशा मशीनवर कायद्याचं बारीक लक्ष असतं. आमचं मशीन आयसीयूच्या नावावर नोंदलेलं, त्यामुळे ते दाराबाहेर जात नसे. रेसिडेंट एकमेकांच्या छातीवर सराव करत, नाहीतर जेलीच्या वडीवर. ही वडी तबस्सुम घरी करून आणायची. चायना ग्रास उकळायचं, त्यात थोडा इसबगोल घालायचा आणि मध्ये पाणी भरलेली सलाइनची नळी ठेवून गार करायचं. पडद्यावर ती नळी अगदी रक्तवाहिनीसारखी दिसते. तबस्सुमच्या वडिलांचा मंडईत फळांचा गाळा. सामान ते मंडईतून आणायचे आणि पैसे दंडाच्या डब्यातून जायचे.

दंडाचा नियम एकच होता. पडद्यावर काय दिसतंय ते आधी सांगायचं, आजाराचं नाव नंतर. आधी नाव घेतलं की दहा रुपये. कारण साधं आहे. एकदा तोंडानं नाव घेतलं की डोळे त्याच नावाचे साक्षीदार गोळा करत बसतात.

आता बेडवरच्या मुलाबद्दल. वय सव्वीस, आयटी पार्कात नोकरी. वाघोलीजवळ बाइक घसरून डोक्याला मार लागलेला. घशातून श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलेला. दुपारी सीटी स्कॅन करून वर आणला आणि लगेच त्याचा ऑक्सिजन सत्त्याण्णववरून उतरायला लागला. निखिलनं मला फोन केला, "डावीकडे हवा जात नाहीये, सर." मी जेवण टाकून निघालो. दाराशी मुलाचे वडील उभे होते. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, शांत गृहस्थ. काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी चालता चालता म्हणालो, "फुप्फुसाबाहेर हवा साठली असावी. बघतो."

"सर, ऑक्सिजन शहाऐंशी झालाय," निखिल म्हणाला. "आणि तुम्ही दंड मागताय?"

"बीपी?"

"एकशे दहा."

"मग अर्धं मिनिट आहे आपल्याकडे. दिसतं ते सांग."

बीपी पडलं असतं तर मीही थांबलो नसतो, हे नमूद करून ठेवतो.

"रेघ सरकत नाही," तो म्हणाला.

छातीवर प्रोब ठेवला की फुप्फुसाच्या कडेची एक पांढरी रेघ दिसते. श्वासाबरोबर ती सरकत्या दारासारखी मागे-पुढे होते. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा शिरली, की हे सरकणं थांबतं. त्यालाच न्युमोथोरॅक्स म्हणतात. मग बरगड्यांमधून नळी घालून ती हवा काढावी लागते. निखिलनं हे इंटरनेटवरच्या व्हिडिओंत इतक्यांदा पाहिलं होतं, की सरकणं थांबायला दुसरंही कारण असू शकतं हे त्याच्या डोक्यातून गेलं होतं. सिस्टरांनी चेस्ट ट्यूबचा ट्रे उघडला होता. संमतीपत्रावर वडिलांची सहीही झाली होती.

मी प्रोब तबस्सुमकडे द्यायला सांगितला. निखिलनं दिला, पण मान फिरवून. तबस्सुम हळू होती. ती प्रोब ठेवेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जातो, असं निखिल कँटीनमध्ये म्हणत असे आणि ते तिच्या कानावर होतं.

तिनं प्रोब ठेवला आणि हात स्थिर केला.

"सरकत नाहीये, सर." मग थांबली. "पण थरथरतेय."

"कधी?"

तिनं मॉनिटरकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. "ठोक्याबरोबर. प्रत्येक ठोक्याला."

हृदयाचा ठोका त्या रेघेपर्यंत पोचत होता. मध्ये हवा असती तर तो पोचला नसता. म्हणजे फुप्फुस भिंतीला चिकटून जागेवरच होतं, फक्त त्यात श्वास जात नव्हता.

मी काही बोलायच्या आत निखिल बेडच्या डोक्याशी गेला होता. हा त्याचा गुण. "तबस्सुम, नळी कितीवर आहे?"

तिनं वाकून नळीवरचा, दाताशी आलेला सेंटिमीटरचा आकडा वाचला. "सव्वीस."

"सकाळी बावीस होती," तो हळूच म्हणाला.

स्कॅनच्या टेबलावर उचलताना तोंडाशी लावलेली चिकटपट्टी सैल होऊन नळी चार सेंटिमीटर आत गेली होती. श्वासनलिका खाली दोन फाट्यांत विभागते. उजवा फाटा जास्त सरळ असतो, म्हणून नळी तिकडे गेली. डाव्या फुप्फुसाचा श्वास बंद झाला. त्या जागच्या जागी असलेल्या फुप्फुसाशेजारी आम्ही बरगड्यांमधून चेस्ट ट्यूब घुसवली असती तर त्यालाच इजा झाली असती आणि ऑक्सिजन उतरतच राहिला असता.

निखिलनं नळी बावीसवर ओढून घेतली आणि पक्की केली. तबस्सुमनं प्रोब हलवला नव्हता. "सरकली," ती म्हणाली. थोड्या वेळानं मॉनिटरवर ब्याण्णव आलं, मग सत्त्याण्णव. एक्स-रेनंही तेच सांगितलं. सिस्टरांनी ट्रे न बोलता झाकला, पण तो पुन्हा निर्जंतुक करायला पाठवावा लागणार हे झाकणाच्या आवाजावरून कळलं.

मी तिघांच्या वतीनं बाहेर जाऊन बोलणार होतो. निखिल म्हणाला, मी येतो. तबस्सुमही मागोमाग आली, हातात दंडाचा डबा घेऊन, कारण निखिलचे दहा रुपये अजून यायचे होते. त्यानं वडिलांना सगळं सरळ सांगितलं. "काका, छातीत नळी टाकायची गरज नाही. मी घाई केली होती. बघायच्या आधी आजाराचं नाव घेतलं, म्हणून दंड आहे मला." आणि त्यांच्यासमोर दहाची नोट डब्यात टाकली.

वडिलांनी डोळे पुसले. मग विचारलं, "म्हंजे हवा न्हवतीच?"

"नव्हती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पन साहेब, आत जाताना तुमीबी हवाच म्हणला व्हता. बघायच्या आधी."

निखिल जमिनीकडे बघायला लागला. तबस्सुमनं डबा माझ्यापुढे धरला.

मुलगा पुढे नवव्या दिवशी नळीशिवाय बोलला. प्रोब कसा धरायचा हे आठवड्यात शिकवता येतं. तोंड बंद ठेवून बघायला शिकवणं महाग पडतं, शिकवणाऱ्यालाही. चेस्ट ट्यूबचं बिल झालं नाही. त्या दिवशीचा एकूण भरणा वीस रुपये: दहा निखिलचे, दहा माझे. मिळाले तबस्सुमला, चायना ग्राससाठी.