दुसरा साक्षीदार

"दोन वाक्यं बोलायचीत तुम्हाला, डोंगर नाही उचलायचा!" जुराने किटली आपटली.

"आणि पेन्शन ऑफिसातली पोरं हसतील, त्याचं काय? अख्ख्या नारीनमधला पहिल्या नंबरचा मेंढपाळ म्हणतोय, अर्धा कळप बायकोने सांभाळला!"

"अर्धा? बराच मोठा वाटा घेतलात की!"

तुर्दूबेकने रोटीचा तुकडा चहात बुडवला. "तू घर सांभाळलंस, म्हातारे. घराला कोण पेन्शन देतं?"

सरकारी शेतावर मेंढपाळ म्हणून नाव एकट्या त्याचं. वीण, कातरणी, दूध, राखण तिचीही. पण तेव्हा तिनेच हौसेने सांगितलं होतं, माझंही काम यांच्याच नावावर लावा, यांना पदक मिळू दे. मिळालं. आता कायद्याला तो एकटाच दिसत होता आणि जुराला मिळत होता कधीच काम न केलेल्या बाईचा भत्ता. सोबत काम केलेल्या दोघांनी साक्ष दिली तर तिची कामाची वर्षं धरणार होते. शेजारच्या सालिमाने दिली. बाकीचे मातीत गेले. उरला नवरा.

"खातेस ना माझ्या पेन्शनवर? काही कमी पडलंय?"

"आणि तुमच्यामागे? सुनेच्या तोंडाकडे बघत बसू?"

"माझ्या मरणाची एवढी घाई?"

"घाई असती तर साखरेचा डबा कशाला लपवला असता?"

तो खळखळून हसला. आता विरघळेल, असं तिला वाटलं. पण त्याची नजर भिंतीवरच्या पदकाकडे गेली. "ते मला मिळालंय, जुरा. राजधानीत. सगळ्यांसमोर."

"हो. तुम्ही तिथे टाळ्या घेत होतात, तेव्हा वर कुरणावर बर्फ कोसळत होता." तिचा आवाज खाली आला. "नुकती जन्मलेली कोकरं मी तंबूत घेतली, चुलीभोवती. जागा पुरेना, म्हणून नाझीकचा पाळणा दाराकडे सरकवला. कोकरू एकही दगावलं नाही."

पोर गेल्यापासून ते नाव या घरात कुणी घेतलं नव्हतं. तुर्दूबेकच्या हातातला तुकडा चहात पडला.

"ऑफिसातली बाई उद्या विचारेल, त्या वर्षी ही कामावर होती का. तिला नका सांगू. मला सांगा. मी नुसतं घर सांभाळत होते, तर माझी लेक दाराशी का होती?"

त्याने कलपाक डोक्यावर चढवला. भिंतीकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही. चौकटीखालून वाकून तो बाहेर पडला आणि दार तसंच उघडं राहिलं.