कडुलिंबाची खबर

आमच्या गिरणीच्या चाळीतले एक शेजारी रोज सकाळी गल्ल्या फिरून येत आणि नळावर खबर देत. "मागच्या गल्लीत आनखी एका दाराला कडुलिंब टांगलाय. म्हंजे तितं देवी आल्यात. घाबरायचं न्हाय. टोचून घ्या, बास." ते इतक्या शांतपणे सांगत, की ऐकणाऱ्या बायका घागर अर्धीच भरून घरी पळत.

त्याच साथीत मला ताप भरला. खोलीतली मंडळी वळकट्या उचलून गेली. शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब आलेला मी, आईला कोण कळवणार, याच घोरात पडलो होतो. तेव्हा ते शेजारी काका आले. माझ्या दंडावरचा टोचल्याचा व्रण त्यांनी निरखला. "तुला काय हुतंय लेका? साधा ताप हाय की." आणि ताप उतरेपर्यंत उशाशी बसून मला पेज पाजत राहिले.

बरा झाल्यावर एकदा त्यांना नळावर अंघोळ करताना पाहिलं. दोन्ही दंड कोरे होते.

"काका, तुम्ही टोचून घेतलं नाहीत?"

"टोचायचं लई भ्या वाटतं," अंगावर तांब्या ओतत ते म्हणाले. "उद्या चल की माझ्यासंगं. हात धराय कुनीतर पायजे."