साडू आणि ई-रीडरची सोयरीक

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू विकत घेतलेली नाही. ते वस्तूची सोयरीक करतात. आधी घराणं विचारतात, मग चारचौघांत चौकशी, मग पाहण्याचा कार्यक्रम, आणि एवढं सगळं होऊन बहुतेक वेळा नकार. कारंज्याच्या बाजारात धान्याची मापं करण्यात त्यांची सारी हयात गेली, त्यामुळे मालाकडे संशयाने पाहण्याची विद्या अंगात मुरलेली. मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा हे घरून भिजवलेली चण्याची डाळ डब्यात घेऊन दुकानात गेले. दोन-तीन मिक्सरांत ती वाटून पाहिली, आवाज फार होतो म्हणून सगळ्यांना नापास केलं आणि वाटलेली डाळ घेऊन घरी आले. त्या दिवशी भजी झकास झाली. मिक्सर अजून यायचा आहे. कूलर पाहायला गेले, तर त्याच्यासमोर खुर्ची टाकून चक्क घोरले, आणि दुकानदाराने उठवल्यावर "हवा लागून नाही राह्यली," म्हणाले.

अशा माणसाच्या हाती मागच्या उन्हाळ्यात मी माझा ई-रीडर दिला. साडूंना दोनच व्यसनं, पुस्तकं आणि शंका. यात अख्खं कपाट मावतं म्हटल्यावर त्यांनी तो तळहातावर तोलला. "वजन पावशेरबी नाही, आन् भाव पोत्याचा? पाहुने, तुमाले गंडवलं!" मग वास घेतला. पान दुमडता येत नाही, तर खूण कुठं करायची? वाचता वाचता डोळा लागला तर तोंडावर काय ठेवायचं? लाइन गेली की गोष्टही जाते काय? मी एकेक शंका फेडत होतो आणि ते नवी काढत होते. शेवटी म्हणाले, "जाकड ठेवतो." जाकड म्हणजे माल घरी ठेवून पाहायचा, पटला तर घ्यायचा, नाहीतर परत. जाकडाच्या मालाला डाग पडू नये म्हणून त्यांनी लगेच त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, तेही दोन्ही बाजूंनी. पडदा आत गडप.

"आता वाचणार कसं?" मी विचारलं.

"वाचाची घाई कोनाले आहे?"

मी वैतागून स्वयंपाकघरात गेलो. तिथे ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, भाकरी थापत होत्या. त्यांनी आवाज खाली आणला. "यायले आता छापलेलं दिसत नाही हो. डॉक्टर म्हने, गेलेली नजर परत येनार नाही, उरलेलीबी हळूहळू जानार. पुस्तक धरून बसतात, पान काही उलटत नाही. आन् हे मशीन उघडून नाही राह्यले, कारन यातबी नाही दिसलं तर?"

माझा वैताग तिथेच विरला. बाहेर येऊन मी कव्हर फाडलं, अक्षर वाढवलं आणि ई-रीडर त्यांच्यापुढे धरला. साडूंनी तोंड फिरवलं. मग तिरप्या नजरेने पाहिलं. मग ओठ हलू लागले. ताईंनी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली तरी मान वर होईना. बऱ्याच वेळाने घसा खाकरून म्हणाले, "माल बरा आहे. भाव मात्र जास्त." ताई पदराने उगीचच कपाळ पुसत आत गेल्या.

त्यांचं अजून काही ठरलेलं नाही. जाकड चालूच आहे. दिवाळीत गेलो तेव्हा ओसरीवर बसून मोठ्याने वाचत होते. मी मागून डोकावलो, तर पडद्यावर जेमतेम अर्धं वाक्य मावलं होतं.

"पाहुने, अक्षर याहून मोठं होते काय?"

मी हातात घेऊन पाहिलं. या माणसाला फसवणं मला कधी जमलेलं नाही, आणि त्या दिवशी जमायला हवं होतं असं फार वाटलं.

"नाही, भाऊ. हेच शेवटचं."

साडूंनी जरा वेळ अंगणाकडे पाहिलं. मग माझ्या हातातून ई-रीडर ओढून घेतला.

"मंग गप्पा कायले मारून राह्यले? वाचू द्या लवकर."