उताऱ्यातलं नाव

गोमतीबाई परीक्षेत नापास झाली असती, तर दसऱ्यानंतर तिची नात शाळा सोडून ऊसतोडीला गेली असती. त्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही सगळ्या उभ्या होतो, तेव्हा ही गोष्ट तांड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. बाकीच्या बाया नटूनथटून, एकमेकींना कोपरखळ्या मारत आल्या होत्या. गोमतीबाईने मात्र सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

मी सुकेशनी. मानोरा तालुक्यातल्या या तांड्याला लागून आमचं गाव आहे. बी.ए. होऊन घरी बसले होते. प्रौढांच्या साक्षरता वर्गाला स्वयंसेवक पाहिजे म्हणून मुख्याध्यापकांनी माझं नाव परस्पर कळवून टाकलं, आणि मी आधी भांडले, मग वर्ग घ्यायला लागले. सरकारने मदत केली नाही असं मी म्हणणार नाही. पुस्तिका आल्या, खडू आले, भलामोठा बॅनर आला आणि मोबाईलवर टाकायला अ‍ॅप आलं. मानधन नव्हतं, पण वर्गाचा फोटो मात्र वेळेवर पाठवायचा, त्यात सगळ्यांची डोकी पुस्तकात दिसली पाहिजेत, अशी ताकीद होती. फोटो जायला रेंज फक्त सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर मिळायची, म्हणून वर्गही तिथेच भरायचा. तूर सोंगून आलेल्या बाया दुपारी ओट्यावर टेकायच्या आणि पाच मिनिटांत अर्ध्याजणी डुलक्या घ्यायला लागायच्या.

गोमतीबाई कधी डुलकली नाही. पन्नाशीची बाई, पण अक्षराकडे अशी रोखून बघायची की मलाच धडकी भरायची. तिला वाचायचं होतं त्याचं कारण मागल्या वर्षीच्या हिवाळ्यात घडलं होतं.

तेव्हा तिचा नवरा किशन, मुलगा आणि सून तिघेही ऊसतोडीला गेले होते आणि नात अंजू तिच्याजवळ होती. पोरीला ताप चढला तो उतरेना. मानोऱ्याच्या दवाखान्यात सांगितलं, हिला ताबडतोब वाशीमला न्या. गोमतीबाई पोरीला खांद्यावर टाकून स्टँडवर आली आणि जिथे वाशीमची गाडी लागते तिथे उभ्या असलेल्या गाडीत शिरली. गाडी दिग्रसची होती. गर्दीतून वाट काढत कंडक्टर तिकीट द्यायला पोचला, तेव्हा गाव बरंच मागे पडलं होतं. त्याने दोघींना रस्त्यात उतरवून दिलं. अंधार पडायला आला, पोरगी डोळे उघडेना आणि एकही गाडी थांबेना. शेवटी कापसाच्या गाठोड्यांवर बसवून एका टेम्पोवाल्याने त्यांना परत आणलं. अंजू वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

किशनकाका परतल्यावर हे ऐकून हादरलाच. त्याने ठरवून टाकलं की यापुढे कोणी मागे राहायचं नाही.

"तुले गाडीचा बोर्ड वाचता येत नाही, दवाईची चिठ्ठी वाचता येत नाही. कोनाच्या भरोशावर ठेवू पोट्टीले? दोघीबी चाला फडावर," तो म्हणाला.

फडावर गेलेल्या पोरींची शाळा कशी सुटते हे गोमतीबाईला सांगायला नको होतं. तिची स्वतःची लेक तशीच गेली होती, आणि आता तिच्याही हाती कोयताच होता. तिने नवऱ्याकडे एक साल मागून घेतलं.

"मार्चात परीक्षा हाय. पास झाली तं अंजू आन् मी इथंच राहू. नापास झाली तं दोघी गुमान येतो."

किशनकाका कबूल झाला. तो शब्दाचा पक्का माणूस, म्हणून तर सगळ्यांना भीती होती. शब्द फिरवणारा असता तर परीक्षेचं एवढं ओझं कोणी घेतलं नसतं.

या हंगामात तो लवकर परत आला, तोही धड नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून घसरला आणि बरगडीवर पडला. तेव्हापासून गोमतीबाईने सोमवार धरले होते. परीक्षेच्या दिवशी तो छातीला पट्टा बांधून वर्गाच्या खिडकीखाली सावलीला बसला होता. दुखण्याच्या गोळ्यांमुळे त्याचा सारखा डोळा लागत होता.

लेखी पेपर झाला. तो गोमतीबाईने शेवटपर्यंत लिहिला. मग वाचन आलं. आमच्या केंद्रावर ते एकेकीला समोर बसवून मोठ्याने घेत होते. परीक्षक देवानंद सर दुसऱ्या तालुक्यातून आलेले. मागच्या खेपेला कुठल्याशा केंद्रावर सासूच्या जागी सून बसली होती म्हणे, त्यामुळे ते आल्यापासून आमच्याकडे चोराकडे बघावं तसे बघत होते. स्वयंसेवकाने दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही, तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं.

गोमतीबाईने कागद हातात घेतला.

"आमचे गाव लहान आहे. गावात एक विहीर आहे. विहिरीजवळ..."

आणि ती थांबली.

मला वाटलं जोडाक्षर आलं असेल. दाराबाहेर उभी राहून मनातल्या मनात मी तिला ढकलत होते, वाच मावशी, वाच. पण तिने पदर तोंडावर ओढला आणि पुढे काय आलंय ते मला कळलं. तांड्यातल्या जुन्या बाया मालकाचं नाव तोंडाने घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं मानतात. वर्गात नावं नोंदवताना प्रत्येकीच्या नवऱ्याचं नाव मला शेजारणीने सांगितलं होतं. आणि महाराष्ट्रभरातली नावं सोडून पेपर काढणाऱ्याने विहिरीजवळ नेमकं किशनचं घर बांधून ठेवलं होतं!

"वाचा," देवानंद सर म्हणाले.

"सर, हे आमच्या घरच्यायचं हाय," ती पदराआडून पुटपुटली.

"काय घरचं?"

मला राहवलं नाही. "सर, तिच्या नवऱ्याचं नाव आहे ते! वाचता आलं म्हणूनच तर ती थांबली!"

"तुम्ही मध्ये बोलू नका!" ते कडाडले. "पुन्हा बोललात तर यांचा पेपर रद्द करीन. यांच्या नवऱ्याचं नाव मला काय ठाऊक? पुढचं मागचं पाठ केलेलं असू शकतं." त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "बाई, एवढा एक शब्द मोठ्याने वाचा. नाही वाचलात तर मला 'वाचता येत नाही' असंच लिहावं लागेल."

माणूस वाईट नव्हता, नियमाला घाबरलेला होता. पण त्या क्षणी मला त्याच्या हातातला पेन हिसकावून खिडकीबाहेर फेकावासा वाटला. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. मागे रुपाबाई, तांड्यातली सगळ्यात म्हातारी शिकणारी, तोंडाला पदर लावून नुसती मान हलवत होती. घेऊ नको, घेऊ नको.

गोमतीबाईने खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून किशनकाकाचा पांढरा फेटा तेवढा दिसत होता. श्वास घेताना त्याला अजून दुखायचं, तेही आत ऐकू येत होतं. इतके सोमवार जिने त्याच्या जिवासाठी उपास केला, तिने आता काय करायचं होतं? एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला पोरगी. असली परीक्षा कुठल्याच पुस्तिकेत नव्हती, आणि मी तिला काहीही शिकवू शकले नव्हते.

सरांनी पेनचं टोपण काढलं.

"लिवू नका," ती म्हणाली. तिने पदर तोंडावरून खाली घेतला, दोन्ही हातांनी कागद धरला आणि ओरडल्यासारखं वाचलं, "विहिरीजवळ किशनचे घर आहे!"

"हाव!" खिडकीखालून सवयीने उत्तर आलं. "कोनं हाक मारली?"

कोणी हसलं नाही. फेटा वर आला आणि किशनकाका छाती धरत दारापर्यंत आला. बायांनी वाट दिली. गोमतीबाई उठून भिंतीला टेकली होती आणि लहान पोरीसारखी रडत होती.

"माही चुकी झाली. पोट्टीसाठी घेतलं मी. देवानं काय करायचं थे मले करावं, तुमाले काही हू नये."

आवाज कोणाचा होता हे त्याला आत्ता कळलं. आयुष्यभर संसार केला, पण त्या आवाजात आपलं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं. आम्हाला वाटलं, आता हा तिथेच काहीतरी बोलेल आणि सगळं मोडेल. मग तो सरांकडे वळला.

"सर, बाईनं वाचलं ना?"

"हो. वाचलं."

"मंग लिवा तसं."

सरांनी लिहिलं. ते होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग त्याने बरगडीवरचा हात काढला आणि बायकोला म्हणाला,

"रडू नको, गोमती. तुह्या तोंडानं माहं आयुष्य कमी नाही होत. थे तिकडं फडात कमी हून राह्यलं. अंजूले नेत नाही आपन तिकडं."